जन्मपत्रिका आणि जन्मदाखला

साताऱ्याच्या एका वाचक-भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या धाकट्या सुनेचें पहिलें बाळंतपण रीतीप्रमाणें तिच्या माहेरीं, सांगलीस, व्हावयाचें आहे. प्रसूति मिरजेच्या इस्पितळांत होईल. घराणें चार पिढ्या साताऱ्याचें. कुलवृत्तांतांत प्रत्येक पुरुषाच्या नांवापुढें 'जन्म सातारा' असेंच छापलेलें आहे. तेव्हां नातवंडाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून साताऱ्याचें नांव घालतां येईल काय, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न थोरल्या मुलाविषयींचा. तो नोकरीनिमित्त अमेरिकेंत असून त्यास तिकडेच कन्यारत्न झालें आहे. मुलगी सात महिन्यांची आहे. ती भारताची कीं अमेरिकेची, असें हळदीकुंकवास आलेल्या कोणी तरी विचारलें, आणि बाईंस उत्तर देतां आलें नाहीं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दाचें आहे: नाहीं. जन्म जेथें होतो तेथेंच त्याची नोंद होते, असा १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याचा दंडक आहे. मिरजेस जन्मलेल्या बालकाची नोंद सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या दप्तरीं होईल, साताऱ्याच्या नगरपालिकेंत नव्हे. आईबापांचा कायमचा पत्ता म्हणून सातारा खुशाल लिहावें; तो रकाना निराळा आहे. हा नियम किती कसोशीचा आहे तें पाहा. साताऱ्याहून मिरजेकडे निघालेली बाळंतीण आगगाडींतच मोकळी झाली, तर गाडी पुढें प्रथम जेथें थांबेल तेथें खबर द्यावी लागते. मग दाखल्यावर कऱ्हाडचें नांव चढेल, जें ना सासरचें ना माहेरचें!

पहिलें बाळंतपण माहेरीं, ह्या एका रीतीमुळें आपल्या समाजांतील कितीतरी ज्येष्ठ अपत्यांचें जन्मस्थान आजोळ असतें. गोत्र बापाचें, आडनांव बापाचें, गांव बापाचें. जन्मभूमि मात्र आईच्या माहेरची. धर्मकृत्यांत ह्याची अडचण कधीं भासली नाहीं. संकल्पांत आपण आज बसलों आहों तो देश उच्चारतों आणि गोत्रप्रवरांत वंश सांगतों. जन्म कोठें झाला हें कोणी विचारीत नाहीं. राज्याला मात्र तें विचारावेंच लागतें. जगांतील यच्चयावत् नागरिकत्वाचे कायदे दोन पायांवर उभे आहेत, एक भूमि आणि दुसरा वंश. कोणता पाय पुढें टाकावयाचा एवढाच काय तो वाद.

'नागरिक' हा शब्द जुना असला तरी त्याचा अर्थ नवा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नागरिक म्हणजे नगराचा अधिकारी. त्याच्या हाताखालचा गोप कुटुंबांतील माणसांचीं नांवें, गोत्रें, धंदे आणि आयव्यय यांची माहिती ठेवी. वात्स्यायनाचा नागरक तर शहरांतील शौकीन गृहस्थ. पाटलिपुत्रांत जन्ममृत्यूंची चौकशी ठेवणारें एक मंडळच होतें, असें मेगास्थेनीसानें लिहिल्याचें ग्रीक ग्रंथांवरून कळतें. तेव्हां जन्म सरकारदरबारीं कळविणें ही कांहीं इंग्रजांनीं आणलेली नवलाई नव्हे.

आतां सातारा आणि सांगली यांचेंच उदाहरण घेऊं; कारण नागरिकत्वाचा सगळा गुंता समजण्यास ह्या दोन गांवांइतकें सोयीचें उदाहरण दुसरें मिळणार नाहीं. साताऱ्याची गादी डलहौसीनें १८४८ सालीं खालसा केली, तेव्हांपासून सातारा हा इंग्रजांचा जिल्हा. सांगली हें पटवर्धनांचें संस्थान. तेथून दोन-तीन कोसांच्या आंत मिरज, तें थोरल्या पातीचें निराळें संस्थान, आणि बुधगांव, तें धाकट्या पातीचें. तासगांव इंग्रजी अमलाखालीं. कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंधकर पंतप्रतिनिधींकडे. पलीकडे जत डफळ्यांचें. सकाळीं घरून निघालेला भिक्षुक संध्याकाळपर्यंत चार सरकारांच्या हद्दी ओलांडून दक्षिणा घेऊन परत येई.

इंग्रजांच्या १९१४ च्या कायद्याप्रमाणें बादशहाच्या मुलखांत जन्मलेला तो ब्रिटिश प्रजाजन. संस्थानें बादशहाच्या छत्राखालीं खरीं, पण त्याच्या मुलखांत तीं धरलेलीं नव्हतीं. म्हणून सांगली संस्थानच्या रयतेपैकीं कोणास विलायतेस जाण्यासाठीं पासपोर्ट लागला तर त्याची गणना 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ति' अशी होई, प्रजाजन अशी नव्हे. बाप ब्रिटिश मुलखांत जन्मलेला असला तर मूल संस्थानांत जन्मूनहि बापाच्या नात्यानें ब्रिटिश प्रजाजन ठरे. पण सासर सांगलीचें आणि माहेर साताऱ्याचें अशी मुलगी घ्या. तिचें पहिलें मूल माहेरीं जन्मलें म्हणून ब्रिटिश प्रजाजन. दुसरें सासरीं जन्मलें म्हणून संस्थानी रयत. एका आईचे दोन मुलगे, एका ताटांत जेवणारे, आणि कायद्याच्या दृष्टीनें दोन निराळ्या जातींचे! घरांत कोणास ह्याची वार्ताहि नसे, कारण विचारण्याचा प्रसंगच येत नसे.

सांगली, औंध इत्यादि संस्थानें ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९४९ सालीं साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि हा संस्थानी मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास 'सांगली' हें नांव मिळालें. त्यामुळें तासगांवच्या एकाच वाड्यांत १९३५ सालीं जन्मलेल्या थोरल्या भावाच्या कागदावर जिल्हा सातारा, १९५५ सालच्या पुतण्याच्या कागदावर दक्षिण सातारा, आणि १९६५ सालच्या पुतणीच्या कागदावर सांगली. वाडा जागचा तसूभरहि हलला नाहीं. अशा कागदावरून एखाद्या कचेरींत 'जिल्हा चुकला आहे' अशी हरकत निघाली तर जिल्ह्याच्या नामांतराचा हा इतिहास लेखी जोडावा. मूळ दाखल्यांतील शब्द खोडून घेण्याचा हट्ट धरूं नये. तो शब्द त्या दिवशीं खराच होता.

प्रजाजन आणि रयत हे भेद राज्यघटनेनें पुसले. २६ जानेवारी १९५० रोजीं ज्याचा अधिवास भारतांत होता, आणि जो स्वतः किंवा ज्याच्या आईबापांपैकीं एक जण ह्या भूमींत जन्मला होता, किंवा जो निदान मागील पांच वर्षें येथें राहत होता, तो नागरिक, असें पांचवें कलम सांगतें. ऑगस्ट १९४९ मध्यें घटना समितींत ह्या कलमांवर मोठा वाद झाला. एक दुसरें कलम वगळतां मसुदा समितीस इतकी डोकेदुखी कशानेंच झाली नाहीं, अशा अर्थाचे उद्गार डॉ. आंबेडकरांनीं तेव्हां काढले. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा आक्षेप असा कीं, नुसत्या जन्मावर नागरिकत्व दिल्यानें तें फार स्वस्त होईल. मुंबई बंदरावरून जातां जातां एखाद्या परकी स्त्रीस मूल झालें तर तेंहि आपलें नागरिक म्हणावयाचें काय? उलट सरदार पटेलांनीं १९४७ सालींच जन्माचा पक्ष घेतला होता. वंश चाचपीत बसणें त्यांस संकुचित वाटे. आमच्या मतें त्या वेळीं पटेलांचाच पक्ष योग्य होता. फाळणीनें माणसें उखडलीं गेलीं होतीं आणि पांचशेंहून अधिक संस्थानांची रयत एका छत्राखालीं येत होती. अशा प्रसंगीं भूमीहून सोपी कसोटी कोणती असणार?

मसुदा समितीच्या अध्यक्षांचेंच चरित्र पाहावें. आंबेडकरांचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांत, जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या लष्करी छावणींत, आणि बाळपणीं शाळेंत जाणें साताऱ्यास. आज जिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात त्या शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं त्यांचें नांव दाखल झालें. तो दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. जन्मस्थान एक, मूळ गांव दुसरें, आणि जेथें अक्षरें गिरविलीं तें तिसरेंच. आमच्यासारख्या जनरल रजिस्टरांत जन्म घालविलेल्या माणसास अशा एका ओळीचें मोल निराळें सांगावयास नको.

पुढें मात्र कायदा हळूहळू देशमुखांच्या शंकेकडे झुकला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानें येथें जन्मलेल्या बहुतेक सर्वांस जन्मानें नागरिक मानलें होतें. आसामांत बाहेरून आलेल्या लोकांविषयीं मोठें आंदोलन झालें, १९८५ सालीं करार झाला, आणि कायदा बदलून १ जुलै १९८७ पासून जन्माबरोबर आईबापांपैकीं एक जण नागरिक असणें आवश्यक ठरलें. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: दोघेहि नागरिक असावे, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा. ही केवळ आपलीच वाट नव्हे. ज्या इंग्लंडांतून भूमीचा नियम जगभर पसरला त्यानेंच १९८३ च्या जानेवारीपासून तो मर्यादित केला.

ह्याचा परिणाम एकत्र कुटुंबांत कसा दिसतो? पणजी १९४० सालीं सांगली संस्थानांत जन्मली. ती घटनेच्या पांचव्या कलमानें नागरिक. आजोबा १९६० सालचे. ते येथें जन्मले एवढ्यानेंच नागरिक. बाप १९८९ सालचा; तो येथें जन्मला आणि त्याच्या आईबापांपैकीं एक तरी नागरिक होतें म्हणून. आणि आतां जन्मणारें बाळ आईबाप दोघांच्या आधारावर. एकाच पंक्तीस बसणारे चौघे चार निरनिराळ्या नियमांनीं नागरिक आहेत! म्हणूनच जन्मदाखला म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, हा सार्वत्रिक समज बरोबर नाहीं. दाखला फक्त तारीख आणि जागा सिद्ध करतो. बाळाचें नागरिकत्व आईबापांच्या कागदांवर, आणि आईबाप १९८७ नंतरचे असतील तर त्यांचें आजीआजोबांच्या कागदांवर टेकलेलें आहे. ज्या घरांत आजीचे कागद ट्रंकेच्या तळाशीं वाळवीच्या तोंडीं पडले आहेत, त्या घरांत नातवाच्याच साखळीची एक कडी कच्ची आहे.

आपल्याकडे जन्मवेळेची हेळसांड होते असें नव्हे. घटिका, पळें, नक्षत्राचा चरण हें सर्व बाळाचें रडणें ऐकूं येतांच टिपून ठेवीत. पत्रिकेची गुंडाळी देवघरांत जपून असे. सरकारी वहीचें मात्र अगत्य कोणास नव्हतें. खेडेगांवीं जन्ममृत्यूची वही असे, तिला गांव नमुना १४ म्हणत. तींत पुष्कळदां मुलाचें नांवच नसे; अमक्यास मुलगा झाला, जात अमुक, एवढ्यावर ओळ संपे. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ति शिंदे समिति नेमली गेली, तेव्हां ह्याच वह्या पुन्हां बाहेर निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांचा भाव एकाएकीं वाढला. शाळेंतला प्रकार तर सर्वांस ठाऊक आहे. बापास तारीख सांगतां येत नसे; मास्तर १ जून लिहून मोकळे होत, कारण जूनमध्यें शाळा उघडे आणि वय नियमांत बसे. १ जूनला वाढदिवस असणारी एक सबंध पिढी महाराष्ट्रांत आहे. ह्यावरून आमच्या व्यवसायाची थट्टा पुष्कळ होते, ती होवो. परंतु त्या मास्तरांनीं तारीख घातली नसती तर तीं मुलें शाळेच्या पायरीवरच राहिलीं असतीं.

आमच्या परिचयाच्या एका आजींच्या पत्रिकेंत कार्तिकांतली तिथि, शाळेच्या दाखल्यावर १ जून, आणि आधार-कार्डावर नुसत्या वर्षावरून धरलेली १ जानेवारी. लेकीचें बाळंतपण परदेशीं होतें, जावयांनीं तिकिटाचे पैसे धाडले होते. तिन्ही तारखांची मिळवणी करण्यांत आठ महिने गेले. आजी विमानांतून उतरल्या तेव्हां नात भिंत धरून चालूं लागली होती. पत्रिकेंतील तारीखच खरी होती, ह्यांत शंका नाहीं. पण कोणत्याहि कचेरीनें ती हातांत घेतली नाहीं.

१ ऑक्टोबर २०२३ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्यांस तर दुसरा कागद दाखविण्याची सोयच उरलेली नाहीं. शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंद, सरकारी नोकरी, पासपोर्ट, सर्वत्र जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. तेव्हां साताऱ्याच्या बाईंनीं सुनेच्या माहेरीं आतांपासूनच सांगून ठेवावें. इस्पितळांत जन्म झाला तर खबर देण्याचें काम इस्पितळाचें. घरीं झाला तर तें कुटुंबप्रमुखाचें. मुदत एकवीस दिवसांची. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क. वर्षापर्यंत शुल्क आणि लेखी परवानगी. वर्ष उलटलें कीं दंडाधिकाऱ्यांचा हुकूम. नोंद पुरी झाल्यापासून सात दिवसांच्या आंत पहिला दाखला विनामूल्य मिळावयास पाहिजे; तो मागून घ्यावा. बारसें बाराव्या दिवशीं, नोंदीची मुदत एकविसाव्यापर्यंत. शास्त्राचा आणि कायद्याचा इतका सुरेख मेळ क्वचित् जमतो. मधले नऊ दिवस नांव कळविण्यास पुरेसे आहेत. नांवावांचून नोंद झाली तरी एक वर्षपर्यंत तें फुकट घालतां येतें आणि शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण 'पुढें पाहूं' म्हणून राहिलेलें नांव दहावीच्या अर्जाच्या वेळींच आठवतें, असा शाळेंतला अनुभव आहे. इस्पितळाच्या कागदावर आईचें माहेरचें नांव आणि दाखल्यावर सासरचें, असा घोळ फार होतो. तेवढें एकदां वाचून घ्यावें. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नांवांत बाळाच्या नांवापुढें आधीं आईचें आणि मग बापाचें नांव येतें. कुलवृत्तांताच्या संपादकांस त्यासाठीं रकाना वाढवावा लागेल, आणि आमच्या मतें तो पूर्वींच असावयास हवा होता.

आतां अमेरिकेंतील नातीविषयीं. तेथील घटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ सालची. मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांस कोणी परकें म्हणूं नये म्हणून ती झाली, आणि १८९८ सालीं वाँग किम आर्क ह्या चिनी आईबापांच्या, सॅन फ्रान्सिस्को येथें जन्मलेल्या तरुणाच्या खटल्यांत तिचा लाभ परकीयांच्या तेथें जन्मलेल्या मुलांसहि आहे असा निकाल झाला. २० जानेवारी २०२५ रोजीं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीं हा लाभ आकुंचित करणारा हुकूम काढला. आई तात्पुरत्या परवान्यावर तेथें असेल आणि बाप नागरिक वा कायमचा रहिवासी नसेल, तर मूल नागरिक मानूं नये, असा त्याचा आशय. न्यायालयांनीं तो रोखला आणि वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडील जीं मुलें नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर तिकडे आहेत, त्यांच्या घरांवर तो थेट येणारा होता. जो प्रश्न पंजाबरावांनीं मुंबई बंदराविषयीं विचारला, तोच तेथें आपल्या लेकीसुनांविषयीं विचारला गेला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोन्ही बाजूंचें म्हणणें जरा निराळें ऐकूं येतें.

भारताच्या कायद्यानें परदेशीं जन्मलेलें मूल आपोआप नागरिक होत नाहीं. आईबापांपैकीं एक जण भारताचा नागरिक असला तर वंशानें नागरिकत्व मिळतें. तें पूर्वीं बापाकडूनच मिळे, १० डिसेंबर १९९२ पासून जन्मलेल्यांस आईकडूनहि मिळूं लागलें. पण ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाची तेथील भारतीय वकिलातींत नोंद व्हावी लागते, आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाहीं असें आईबापांस लिहून द्यावें लागतें. असें नोंदलेलें मूल दुसऱ्या देशाचेंहि नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्यानें तें परकें नागरिकत्व सोडावें लागतें. न सोडल्यास भारताचें जातें. आपल्या देशास दोन नागरिकत्वें चालत नाहींत.

नातीच्या नांवें अमेरिकेचा पासपोर्ट काढला आहे कीं नाहीं, हें बाईंनीं लिहिलेलें नाहीं, आणि सगळें त्यावर अवलंबून आहे. काढला असेल तर वकिलातींतील नोंदीचा मार्ग मिटला. मग ओसीआय कार्ड काढावें: त्यावर मुलीस आयुष्यभर व्हिसाशिवाय आजोळीं-आजोबांकडे येतां येईल, राहतां येईल, शिकतां येईल; मत देतां येणार नाहीं आणि शेतजमीन विकत घेतां येणार नाहीं. काढला नसेल, तर मुलाला आजच कळवावें. जन्मापासून एक वर्षाची मुदत आहे, त्यांतले सात महिने संपले. वर्ष उलटल्यावर नोंदीसाठीं दिल्लीच्या केंद्र सरकारची परवानगी लागते.